घरची बिअर: आधी बादली, मग बाकीचं

अमेरिकेत गॅरेजमध्ये गाडी सोडून काहीही असू शकतं. सुतारकाम, व्यायामाची यंत्रं आणि बऱ्याच घरांत बिअर. कायद्याची आडकाठी नाही. १९७८ मध्ये जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरच्या वापरापुरती बिअर केंद्रीय करातून सुटली. अलाबामा आणि मिसिसिपी मात्र २०१३ पर्यंत अडून बसले होते. घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साधारण साडेसातशे लिटर करता येते. विकायची नाही. गाळून कडक दारू काढायला ही सूट नाही. (तिकडे करून बघायची हुक्की आली तर आधी आपल्या राज्याचा कायदा वाचा. जामिनाला मी येणार नाही.)

नवीन माणूस सामान घ्यायला निघाला की त्याची नजर स्टीलच्या चकचकीत टाक्यांवर आणि विजेवर चालणाऱ्या यंत्रांवर जाते. माझं मत स्पष्ट आहे: इतक्यात काही घेऊ नका. उकळण्यात बिअर फारशी बिघडत नाही, बिघडते ती गार झाल्यावर, जंतू शिरून किंवा आंबताना जास्त तापून. म्हणून पैसे आणि लक्ष दोन्ही तिकडे द्यावं.

बहुतेक पाककृती पाच गॅलनच्या, म्हणजे १९ लिटरच्या असतात. एवढं पाणी घरच्या शेगडीवर उकळणं आणि नंतर गार करणं हीच अर्धी लढाई. सुरुवात चार ते आठ लिटरने केली तर स्वयंपाकघरातलं मोठं पातेलं चालतं आणि ते बर्फाच्या पाण्यात ठेवलं की लवकर गार होतं. पातेल्याचा वरचा तिसरा हिस्सा मोकळा ठेवा, कारण मॉल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचं, पाणी उकळायला लागलं की फेस झपाट्याने वर येतो. पहिल्यांदा धान्य भिजवत बसू नका, मॉल्टचा तयार अर्क घ्या.

आंबवायला झाकणाची, खाद्यपदार्थांसाठीची प्लॅस्टिकची बादली आणि झाकणात एअरलॉक, म्हणजे आतला वायू बुडबुड्यांनी बाहेर सोडणारी पण बाहेरची हवा आत न येऊ देणारी छोटी झडप. काचेचा मोठा कार्बॉय (अरुंद तोंडाची बरणी) दिसायला देखणा, पण भरला की वीस किलोच्या वर आणि ओल्या हातातून निसटतो. बादली मात्र तारेच्या घासणीने घासू नका. ओरखड्यांत जंतू घर करतात.

घासणं वेगळं, निर्जंतुक करणं वेगळं. आधी डाग निघाले पाहिजेत, मग न धुता वापरता येणारं आम्लाचं जंतुनाशक. गार झाल्यावर बिअरला लागणारी प्रत्येक वस्तू त्यातून निघाली पाहिजे: चमचा, सायफनची नळी, यीस्टची पुडी कापायची कात्रीसुद्धा.

खरा खर्च करायचाच असेल तर तापमानावर करा. एल, म्हणजे खोलीच्या तापमानाच्या आसपास आंबणारी बिअर, करणाऱ्या बहुतेक यीस्टना १८ ते २० अंश सेल्सिअस मानवतं. पण आंबताना यीस्ट स्वतः उष्णता सोडतं, त्यामुळे बादलीच्या आतलं तापमान खोलीपेक्षा तीनचार अंशांनी चढतं. जास्त तापलं तर थिनरसारखा वास येतो आणि तो काही केल्या जात नाही. बादली पाण्याच्या टबात ठेवून गोठवलेल्या बाटल्या बदलत राहणं हा स्वस्त उपाय. पुढे जुना फ्रिज आणि तापमान नियंत्रक घ्यावा. लागर या थंडीत आंबणाऱ्या बिअरला दहाच्या आसपास लागतं, तोवर तिच्या वाटेला जाऊ नका.

हायड्रोमीटरला, म्हणजे द्रवाची घनता मोजणाऱ्या काचेच्या नळीला, पर्याय नाही. सुरुवातीला १.०५० आणि शेवटी १.०१० आलं तर फरकाला १३१ ने गुणा: सव्वापाच टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल. बुडबुडे थांबले म्हणजे काम संपलं असं नाही. दोनतीन दिवस तोच आकडा आला तरच बाटल्या भरा. घाई केली तर उरलेली साखर बंद बाटलीत आंबते आणि काच फुटते. फुटणं म्हणजे अक्षरशः स्फोट. फेसासाठी लिटरला सहासात ग्रॅम साखर पुरते, तीही मोजून.

बाटल्या विकत घ्यायची गरज नाही. ओळखीच्यांना रिकाम्या ठेवायला सांगा, पण तपकिरीच हव्यात, कारण उजेडाने हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) वास कुबट होतो. पिळून उघडायच्या झाकणाच्या नकोत, त्यांच्यावर साधं बूच नीट बसत नाही. लेबलं कोमट सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवली की बहुतेक निघतात. काही कंपन्यांचा गोंद मात्र हट्टी असतो, त्या बाटल्या सरळ टाकून द्या.