कोकणकडा, स्लाइड फिल्म आणि ग्रॅड फिल्टर

ट्रायपॉड आणि फिल्टरचं ओझं घेऊन हरिश्चंद्रगडावर जायचं तर पाचनईची वाट धरा. खिरेश्वरहून तोलार खिंडीची वाट सुंदर आहे, पण लांब. गडाच्या पश्चिमेच्या कोकणकड्यावर पोचेपर्यंत उजेड निघून जायची भीती असते. आम्ही नोव्हेंबरात गेलो. सकाळीच पाचनई सोडली, वर गावकऱ्यांच्या झोपडीत पिठलं-भाकरी खाल्ली, केदारेश्वराची गुहा पाहिली आणि चारच्या सुमारास कोकणकड्यावर होतो. सूर्यास्ताआधी दीड-दोन तास हातात ठेवाच. जागा ठरवण्यातच बराचसा वेळ जातो.

कॅमेरा निकॉन एफएम-२, २४ मिमीची लेन्स, आत वेल्व्हिया ५०, म्हणजे थेट पॉझिटिव्ह चित्र देणारी स्लाइड फिल्म. ही फिल्म उजेड-सावलीतला जेमतेम पाच स्टॉपचा फरक पेलते (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). आकाश एकदा पांढरं पडलं की त्यातून काहीही परत मिळत नाही. म्हणून ग्रॅड लागतो: वर काळपट, खाली पारदर्शक असा चौकोनी फिल्टर. ०.३ म्हणजे एक स्टॉप, ०.६ म्हणजे दोन, ०.९ म्हणजे तीन.

आता खरा मुद्दा. समुद्रावर क्षितिज सरळ असतं, तिथे हार्ड ग्रॅड, म्हणजे काळपट भाग एका रेषेत संपणारा, शोभतो. कोकणकडा मात्र आत वळलेला, नालासारखा. एका टोकाला उभं राहून पाहिलं तर समोरची भिंत चौकटीत तिरकी चढत आकाशात घुसते. हार्ड ग्रॅड लावला तर तिचा माथा काळा पडतो आणि फिल्टरची रेघ चुगली करते. इथे सॉफ्टच हवा, काळपटपणा हळूहळू विरत जाणारा. शिवाय फिल्टर धरणारा होल्डर थोडा फिरवून कड्याच्या उताराला समांतर करायचा. एवढ्यानेही चित्र पुष्कळ सुधारतं.

मीटरिंग, म्हणजे उजेड मोजणं, फिल्टर न लावता करा. आधी कॅमेरा खाली झुकवून फक्त खडक आणि वाळलेलं गवत मोजलं: एफ १६ या बारीक अ‍ॅपर्चरला (लेन्सच्या छिद्राला) १/४ सेकंद. मग सूर्य बाजूला ठेवून आकाश मोजलं: १/३० सेकंद. फरक तीन स्टॉपचा. तरी ०.६ चाच लावला, कारण आकाश जमिनीपेक्षा एखादा स्टॉप उजळ राहिलं तरच ते आकाश वाटतं. दोन्ही सारखे केले की चित्र खोटं दिसतं. एक्स्पोजर १/४ वरच कायम ठेवून फिल्टर सरकवला. फिल्टर लावल्यावर पुन्हा मीटर पाहून आकडे बदलू नका.

फिल्टर किती खाली आणायचा हे लेन्स उघडी असताना नीट कळत नाही. डेप्थ ऑफ फील्डची कळ दाबून अ‍ॅपर्चर एफ १६ वर आणा आणि फिल्टर सावकाश वर-खाली करा. व्ह्यूफाइंडर अंधारतो, पण फिल्टर हलता असला की त्याची कड डोळ्याला सापडते. अ‍ॅपर्चर जितकं बारीक, तितकी ही कड ठळक होते. म्हणून नजर लावायची ती फोटो काढायच्या अ‍ॅपर्चरलाच.

संध्याकाळी पश्चिमेचा उजेड थेट कातळावर येतो, म्हणून ०.६ पुरतो. पहाटे उलट. सूर्य पाठीमागे, कडा सावलीत आणि समोरचं आकाश गुलाबी, तेव्हा ०.९ काढावा लागला. एकच फिल्टर घेऊ शकत असाल तर सॉफ्ट ०.६ घ्या.

सूर्य बुडाल्यावर एक्स्पोजर सेकंदांत जातं. मीटर आठ सेकंद सांगत असेल तर वेल्व्हिया ५० ला अर्धा स्टॉप जास्त द्यावा लागतो, आणि रंगही थोडा सरकतो. मला तो तिथे आवडतो.

वाऱ्याबद्दल मनापासून सांगतो. दरीतून वर येणारा झोत इतका जोरदार असतो की फेकलेलं गवत उलटं अंगावर येतं. कडेला उभं राहून फिल्टर बदलू नका. मागे या, खाली बसा, मग बदला. ट्रायपॉड आखूड ठेवा आणि पिशवी त्याला अधांतरी न लटकवता जमिनीला टेकलेली बांधा. प्लॅस्टिकच्या फिल्टरवर धूळ बोटाने पुसली की ओरखडा पडलाच, म्हणून हवा मारायचा रबरी फुगा खिशात हवा.

पोर्ट्रासारखी निगेटिव्ह फिल्म नेणार असाल तर ग्रॅड बहुतेक वेळा घरीच ठेवता येईल. ती फिल्म उजळ आकाश सहज पेलते. सावल्या मोजून एक्स्पोजर द्या. स्लाइड नेणार असाल तर निघण्याआधी लॅबला फोन करून ई-६ (स्लाइड फिल्मची) धुलाई चालू आहे ना, आणि रोल कधीपर्यंत पोचवायचा, हे विचारून घ्या.