आज्जीसोबत बघायची सात मिनिटे : आमच्या स्टुडिओची वाटचाल

माझे वडील चादरीची नक्षी काढत. चौकटींच्या मोठ्या कागदावर ते एकेक घर भरीत, मग त्या कागदाच्या प्रत्येक आडव्या ओळीसाठी पुठ्ठ्याचे एक कार्ड टोचले जाई, आणि जेकार्ड या मागावरच्या यंत्रणेत ती कार्डे एकामागून एक सरकू लागली की भोकांप्रमाणे उभे धागे उचलले जाऊन मागावर मोर उमटू लागे. एक कार्ड मागेपुढे झाले तरी मोराची मान तुटल्यासारखी दिसायची. टीव्हीच्या पडद्यावर दर सेकंदाला २५ चित्रे सरकतात हे पुण्यात अ‍ॅनिमेशन शिकताना ऐकले, तेव्हा मला वडिलांच्या कार्डांची माळच आठवली आणि हे काम आपल्याला जमेल असा धीर आला.

शिक्षणानंतर सहा वर्षे मी पुण्यातच एका कंपनीत मालिकांची पार्श्वचित्रे रंगवीत होते. त्या काळात एकदा सुट्टीवर घरी आले असताना तीन वर्षांची भाची माझ्या आईच्या मांडीवर बसून कार्टून बघत होती. पडद्यावरचा मुलगा रुसून दाराआड गेला, तेव्हा तिने विचारले, "आज्जी, तो का रुसलाय?" आईने चष्मा सावरून तोंड उघडले, तोवर पडद्यावर दोन स्फोट होऊन गेले होते, भलतीच माणसे आली होती आणि भाचीचा प्रश्न हवेत विरून गेला होता. लहान मुलाने कार्टून घरातल्या कोणासोबत तरी बघावे, आणि त्याला विचारायला व मोठ्या माणसाला सांगायला त्या कार्टूनमध्येच जागा ठेवलेली असावी, हा विचार त्या दुपारी मनात पक्का बसला. आमचा सगळा व्यवसाय त्यावर उभा आहे.

सोलापुरात साखर पेठेतल्या घराच्या माडीवर दोन संगणक आणि चित्रे काढायचा एक टॅब्लेट एवढ्या भांडवलावर सुरुवात झाली. पहिली काही वर्षे लग्नपत्रिकांचे व्हिडिओ, दुकानांच्या जाहिराती आणि शाळांसाठी गणिताच्या चित्रफिती करण्यात गेली. त्या कामांनी भाडे आणि पगार निघाले, यापलीकडे त्यांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. महागड्या सॉफ्टवेअरचे परवाने आम्हाला परवडत नव्हते. ब्लेंडर हे अ‍ॅनिमेशनचे सॉफ्टवेअर तर आधीपासूनच मोफत होते, आणि २०१६ साली हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनचे ओपनटून्झ सर्वांसाठी खुले झाले, तेव्हा ते काम रीतसर करता येऊ लागले. आमच्यासारख्या गावात हा धंदा टिकला याचे निम्मे श्रेय मी त्या दोन सॉफ्टवेअरना देते.

आवाजाची अडचण निराळी होती. आजूबाजूला यंत्रमागांची खटखट दिवसभर चालू असे आणि ध्वनिमुद्रणाची खोली बांधायला पैसे नव्हते. शेवटी धाकट्या भावाने मागच्या खोलीच्या चारी भिंतींवर आणि दाराला जाड सोलापुरी चादरी दुहेरी टांगल्या. त्यांनी खोलीतला घुमारा मोडला, मात्र मागांचा आवाज काही अडला नाही. म्हणून आजही आम्ही संवाद माग बंद असतात त्या सुट्टीच्या दिवशी किंवा रात्री उशिरा मुद्रित करतो, आणि मुलांचे आवाज असतील तर सुट्टीची सकाळच धरतो, कारण पाच वर्षांच्या मुलाला रात्री जागवणे मला मान्य नाही.

आम्ही लहान मुलांसाठी कार्टूनचे जे भाग करतो, त्यांतला एकेक सात मिनिटांचा असतो. दोन ते चार वर्षांच्या मुलांचा पडद्यासमोरचा वेळ दिवसाला एका तासाहून अधिक नसावा आणि तोही कमी असेल तितका चांगला, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले. त्या तासातला किती भाग आपण मागावा याचा विचार करून आम्ही सात मिनिटांवर थांबलो. सेकंदाला सरकणाऱ्या २५ चित्रांतल्या एकेकाला आम्ही चौकट म्हणतो, आणि सात मिनिटे म्हणजे १०,५०० चौकटी. एक चित्र दोन चौकटींना वापरले तरी सव्वापाच हजार चित्रे होतात. एका चौकटीच्या रेंडरला, म्हणजे संगणकाने ती अंतिम रूपात तयार करण्याला, वीस सेकंद धरले तर एकच संगणक अठ्ठावन्न तास चालू ठेवावा लागतो, आणि मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे गेला की माडीवर ते शक्य होत नाही. उन्हाळ्यात आमचे रेंडर रात्रीच लागते, आणि वीज गेली तर सकाळी पुन्हा कुठून सुरू करायचे ते पाहण्याची जबाबदारी पहिला येईल त्याची.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त शिकवले ते एका भाकरीने. आज्जी भाकरी थापते असे अकरा सेकंदांचे दृश्य होते. आमच्याकडे काम करणाऱ्या एका मुलाने ते मन लावून केले. हात खाली-वर होत होते, पीठ उडत होते, भाकरी मोठी होत होती. आम्ही प्रत्येक भाग पुरा होण्याआधी शेजारच्या बालवाडीत दाखवतो आणि मुलांना सोडायला आलेल्या आज्ज्यांनाही बसवून घेतो. त्यांतल्या एक आज्जी पडद्याकडे बघत म्हणाल्या, "भाकर फिरना झालीय की. एकाच अंगानं वाढंल आन् फाटंल." त्यांचे म्हणणे तंतोतंत खरे होते. भाकरी थापताना प्रत्येक थापेसरशी ती परातीत थोडी सरकते, म्हणून गोल राहते. त्या मुलाने आपल्या आईचे हात मोबाईलवर टिपून आणले, चौकट-चौकट थांबवून पाहिले, आणि संपूर्ण दृश्य पुन्हा काढले. नव्या दृश्यात दर थापेला भाकरी किंचित वळते, आणि शेवटी आज्जी हात थांबवून नातीकडे बघते. त्या बघण्याला आम्ही पूर्ण तीन सेकंद दिले आहेत. बालवाडीत नेमक्या त्या तीन सेकंदांत एक मुलगी आपल्या आज्जीला म्हणाली, "मला पण करू दे."

सोलापूरच्या घरात मराठी, तेलुगू आणि कन्नड शेजारी नांदतात आणि शहराच्या पूर्व भागातली कितीतरी मुले घरात तेलुगू, गल्लीत मराठी बोलतात, म्हणून आम्ही प्रत्येक भाग तिन्ही भाषांत करतो. नुसता आवाज बदलून भागत नाही. "आई" म्हणताना ओठ एकदाही मिटत नाहीत, "अम्मा" म्हणताना मध्येच घट्ट मिटतात. आवाज बदलला आणि तोंड तेच ठेवले तर तीन वर्षांच्या मुलालाही काहीतरी चुकल्यासारखे वाटते. शिवाय तोंडाच्या आकारांचे जे तयार तक्ते मिळतात ते इंग्रजीसाठी बनलेले असतात. त्यांत "व"साठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवलेले असतात, तर आपली "वहिनी" इतके दात दाखवून कोणी म्हणत नाही. आम्ही आमचा तक्ता घरच्या माणसांना आरशासमोर बसवून तयार केला.

वाटचालीत एक कटू वळणही आले. एका वाहिनीने आमच्याकडून सव्वीस भाग मागितले. पहिला भाग पाहून सूचना आली की शांत जागा संगीताने भराव्यात आणि दर दोन सेकंदांनी दृश्य बदलावे. वळवाच्या पावसाच्या भागात विजेचे लखलखाट वाढवा असेही सांगितले गेले. तेथे मात्र मी साफ नकार दिला. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये एका कार्टूनमधल्या लाल-निळ्या झगमगाटाने शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते, आणि सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट नसावेत हे बंधन आम्ही पहिल्यापासून पाळतो. बाकीच्या सूचना मानून तीन भाग केले. बालवाडीत ते दाखवले तेव्हा मुले डोळे न हलवता बसली, कोणी काही विचारले नाही, आज्ज्याही गप्प होत्या. मी उरलेले काम सोडले. झालेल्या कामाचे पैसे चौदा महिने अडकले आणि त्या काळात आमचे दोन चांगले चित्रकार हैदराबादला गेले. त्यांना थांबवण्याजोगा पगार माझ्याकडे नव्हता.

त्यानंतर आम्ही भाग स्वतः यूट्यूबवर ठेवू लागलो. जानेवारी २०२० पासून तेथे मुलांच्या व्हिडिओंवर, बघणाऱ्याची माहिती वापरून दाखवल्या जाणाऱ्या जाहिराती बंद झाल्या, त्यामुळे उत्पन्न कमी मिळते. मुलांच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच आहे असे मी मानते, आणि त्यामुळे पडणारी तूट शाळांच्या कामातून भरून काढते. सध्या आम्ही नऊजण आहोत. हैदराबादला गेलेल्यांपैकी एकजण परत आला आहे.

आता गड्ड्याच्या यात्रेचा, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेचा, भाग चालू आहे. मिरवणुकीतल्या उंच काठ्यांचे सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतली, म्हणजे बंदांच्या अंगरख्यातली, माणसे आणि त्यांतून वाट काढणारी नात असे दृश्य आहे. पहिल्या रेखाटनात नंदीध्वज टोकापर्यंत दिसत होते आणि ते सुंदरही होते, पण चार वर्षांच्या मुलाला त्या गर्दीत बाराबंद्याच दिसतात. म्हणून दृष्टी खाली आणली. नात मान वर करकरून बघते, काही दिसत नाही, आणि मग आजोबा तिला खांद्यावर घेतात. त्यानंतर चार सेकंद कोणी काही बोलत नाही. ती चार सेकंदे पुढच्या सुट्टीला बालवाडीतल्या आज्ज्यांसमोर ठेवायची आहेत.