उतार की पायऱ्या?

"बाबांचं विसरणं उतारासारखं हळूहळू आलं, की पायऱ्यांसारखं?" नौपाड्यातल्या डॉक्टरांनी आज विचारले, तेव्हा आई क्षणभर गोंधळली. मग म्हणाली, "पायऱ्यांसारखंच. गणपतीत एकदम बिघडलं, दिवाळीपर्यंत तसेच होते, आणि मग एकदा तलावपाळीवरून घरी येताना रस्ताच चुकले."

घरी येऊन वाचले, तेव्हा कळले की या प्रश्नामागे व्लादिमीर हाचिन्स्की या कॅनडातील मेंदूविकारतज्ज्ञाचे काम आहे. म्हातारपणीच्या विस्मरणाचे खापर सर्रास कडक झालेल्या रक्तवाहिन्यांवर फोडले जात असताना, त्यांनी दोन सहकाऱ्यांसह १९७४ मध्ये मांडले की रक्तवाहिन्यांमुळे बुद्धी ढासळते ती मुख्यतः रक्तपुरवठा तुटून मेंदूत ठिकठिकाणी झालेल्या छोट्यामोठ्या आघातांमुळे. पुढच्याच वर्षी त्यांनी असे विस्मरण ओळखण्यासाठी गुणतक्ता दिला. अचानक सुरुवात, पायरीपायरीने घसरण, उच्च रक्तदाब, पूर्वीचा पक्षाघात, अशा खुणांना त्यात गुण आहेत. तपासणीइतकेच महत्त्व घरच्यांच्या आठवणीला देणारी ही पद्धत मला फार आवडली, आणि तिनेच मला अस्वस्थही केले.

कारण गणपतीतली ती संध्याकाळ मला लख्ख आठवते. आरतीनंतर बाबांच्या हातातून प्रसादाची वाटी निसटली, तोंड एका बाजूला किंचित ओघळले, शब्द जड झाले. अर्ध्या तासात सारे पूर्ववत झाले. दगदगीने पित्त वाढले असेल, असे म्हणून मी त्यांना कोकम सरबत दिले आणि पडायला सांगितले.

रक्तदाबाची गोळी त्या दिवशी घेतली होती का, हे मी तेव्हा का विचारले नाही?