अ‍ॅम्फोटेरिसिन: सलाईन आधी, पण औषधात नको

म्युकरच्या (काळ्या बुरशीच्या) पेशंटला बुरशीविरोधी औषध म्हणून लायपोसोमल (मेदाच्या सूक्ष्म आवरणातलं) अ‍ॅम्फोटेरिसिन साधारण किलोमागे रोज 5 मिलिग्रॅम चढवतात. साध्या, डीऑक्सिकोलेट प्रकारात मात्र किलोमागे रोज 1.5 मिलिग्रॅमच्या वर कधीच जायचं नाही. दोघांची नावं जवळपास सारखीच, त्यामुळे ऑर्डरमध्ये नुसतं ‘अ‍ॅम्फो’ खरडणं म्हणजे संकटाला आवतण.

किडनी सांभाळायला आधी अर्धा ते एक लिटर नॉर्मल सलाईन देतात (हृदयाला झेपत असेल तर). औषध मात्र 5 टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळायचं. सलाईन लागलं की साका बसतो. म्हणून मधे लाईन डेक्स्ट्रोजने फ्लश करायची.

खरा घोळ पोटॅशियमचा. हे औषध ते लघवीवाटे घालवतं आणि मधुमेही पेशंटचं इन्सुलिन उरलंसुरलं पेशींत ढकलतं. जोडीला फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) किंवा डिगॉक्सिन (हृदयाचं औषध) असेल तर हृदयाचे ठोके बिघडायची भीती. पोटॅशियम देऊनही वाढत नसेल तर मॅग्नेशियम तपासा. बहुतेकदा तेच कमी निघतं.

पुढे पोसाकोनाझोलच्या (बुरशीविरोधी) गोळ्यांवर आणताना किडनी ट्रान्सप्लांट झालेल्यांचा टॅक्रोलिमसचा (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून दिलेल्या औषधाचा) डोस, या गोळ्यांनी त्याची रक्तातली पातळी वाढते म्हणून, सुरुवातीलाच सुमारे एक तृतीयांशावर आणायचा आणि ती पातळी मोजत राहायचं. सिमव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) तर बंदच. आणि पोसाकोनाझोल थांबल्यावर टॅक्रोलिमस पुन्हा वाढवायचा असतो, हे हमखास राहून जातं.