बोडो ते मोस्केनेस : साडेतीन तासांचे सव्वासात तास

उत्तर नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांवर बोडो शहराहून फेरीबोटीने जाणाऱ्यांनी वेळापत्रकात फेरी किती वाजता सुटते हे पाहण्याआधी ती किती वाजता पोहोचते हे पाहावे. आम्ही ते पाहिले नाही. ओस्लोत बरीच वर्षे राहिलेल्या एका परिचितांनी ‘तीन-साडेतीन तास, पुण्याहून नाशिकला जाण्याइतकेच’ असे मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले होते. सुटण्याच्या वेळांचा फोटोही त्यांनीच पाठवला होता आणि पोहोचण्याच्या वेळांचा रकाना त्या फोटोत कापला गेला होता. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, कारण ते स्वतः थेट फेरीने गेले होते. मात्र याच मार्गावरच्या काही फेऱ्या आधी रोस्त आणि वेरोय या दोन दूरच्या बेटांना जातात आणि मगच लोफोटेनमधल्या मोस्केनेस बंदराला लागतात. आम्ही नेमके अशा फेरीत बसलो आणि सव्वासात तासांनी उतरलो.

ट्रॉनहाइमहून रात्रभराच्या रेल्वेने (७२९ किलोमीटरची ही नूरलांड लाइन वाटेत आर्क्टिक वृत्त ओलांडते) आम्ही तिघे, म्हणजे मी, पत्नी आणि मेहुणा, सकाळी बोडोला पोहोचलो. फेरीचा धक्का स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर आहे, त्यामुळे टॅक्सीच्या फंदात पडू नये. पायी प्रवाशांना जड सामान खाली गाड्यांच्या डेकवर ठेवून वर जाता येते. दाभोळच्या फेरीबोटीत गाडीशेजारी उभे राहून वारा खाण्याची सवय असलेल्या माणसाला ही सोय फार चांगली वाटते आणि आमची पहिली चूक येथेच झाली. जहाज सुटले की गाड्यांच्या डेकचे दरवाजे बंद होतात आणि पुढचा धक्का येईपर्यंत तेथे कोणालाही जाऊ देत नाहीत. आमच्या अवोमिनच्या गोळ्या लाल बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात होत्या आणि लाल बॅग खाली होती. मी कर्मचाऱ्याला विनंती केली. त्याने अत्यंत सभ्यपणे नकार दिला आणि उलटीच्या कागदी पिशव्यांचा एक गठ्ठा माझ्या हातात ठेवला, यावरून पुढे काय वाढून ठेवले आहे ते ओळखायला हवे होते.

या पाण्याचे नाव वेस्टफ्योर्ड आहे आणि हे नावच फसवे आहे. फ्योर्ड म्हटले की दोन्ही बाजूंना उंच कडे आणि मध्ये तळ्यासारखे शांत पाणी असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात नॉर्वेची मुख्य भूमी आणि लोफोटेनची बेटांची रांग यांच्यामधला हा मोठा उघडा आखात आहे. त्याचे तोंड नैर्ऋत्येला, म्हणजे थेट अटलांटिककडे आहे, त्यामुळे खुल्या समुद्रात दोन दिवसांपूर्वी झालेल्या वादळाच्या लांबट लाटा कोणताही अडथळा न येता आत शिरतात. आम्ही निघालो त्या दुपारी धक्क्यावरचा झेंडासुद्धा हलत नव्हता. मोबाइलवर वाऱ्याचा वेग पाहून आम्ही निर्धास्त झालो, पण लाटांची उंची पाहण्याचे कोणाच्या डोक्यात आले नाही. नॉर्वेच्या हवामान संस्थेचे ‘यर’ नावाचे मोफत ॲप आहे, त्यात किनाऱ्यालगतच्या लाटांचाही अंदाज मिळतो. लोफोटेनच्या बाबतीत वाऱ्यापेक्षा तोच आकडा महत्त्वाचा मानावा.

बोडोचे डोंगर मागे पडल्यावर साधारण तासाभराने जहाज डोलू लागले. हे डोलणे मांडव्याच्या लाँचसारखे धडधडीत नसते. आधी समोरच्या खिडकीतून फक्त आकाश दिसते, मग बराच वेळ काहीच घडत नाही आणि मग त्याच खिडकीत फक्त पाणी दिसते. दर खेपेला पोट अर्धा क्षण मागे राहते. आम्ही चांगले दृश्य मिळावे म्हणून सर्वांत पुढची, खिडकीजवळची जागा हट्टाने पकडली होती आणि लाटांवर सर्वाधिक वर-खाली होणारी जागा तीच असते. दशम्या आणि लसणाच्या चटणीचा स्टीलचा डबा टेबलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सावकाश घसरत जाई, कडेच्या उंच पट्टीला टक्कन आपटून थांबे आणि परत येई. शेवटी त्या टक्क आवाजाचीच शिसारी येऊन पत्नीने डबा उचलून मांडीवर घेतला, पण तोवर चटणीचा वास सुटला होता आणि मेहुण्याने पहिली पिशवी उघडली होती.

चार तासांहून अधिक काळ गेल्यावर जहाज मंदावले, जमीन दिसली. मेहुणा कसाबसा उठून म्हणाला, “भावोजी, आलं एकदाचं.” मी पाहिले तर ताटासारखे सपाट बेट होते. लोफोटेनच्या प्रत्येक छायाचित्रात दिसणारे सुळके कोठेच नव्हते. “अरे, हे रोस्त आहे,” मी म्हणालो. तो काही बोलला नाही, पुन्हा आडवा झाला. १४३२ च्या जानेवारीत पिएत्रो क्वेरिनी नावाचा व्हेनिसचा व्यापारी जहाज फुटल्यामुळे याच बेटांवर येऊन लागला होता आणि येथल्या कोळ्यांनी त्याला व त्याच्या उरलेल्या खलाशांना सांभाळले होते. इच्छा नसताना रोस्तला आलेल्यांच्या यादीत त्याच्याखाली आमची नावे घालण्यास हरकत नाही.

या थांब्याचा उपयोग मात्र करून घ्यावा. रॅम्प खाली आला की डेक उघडतो, गाड्या चढतात-उतरतात आणि तेवढ्या वेळात सामानातून औषध काढता येते. मी धावत जाऊन गोळ्या आणल्या, पण उलट्या सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही हे लक्षात असू द्यावे. ती निघण्यापूर्वी तासभर आधी घ्यायला हवी. तिने गुंगी येते, म्हणून उतरल्यावर ज्याला गाडी चालवायची आहे त्याने दुसरा पर्याय आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावा. रोस्तनंतर आम्ही जहाजाच्या मध्यभागी सरकलो आणि फरक ताबडतोब जाणवला. वेरोय कधी आले आणि कधी गेले ते मला आठवत नाही.

मोस्केनेसला उतरलो तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. शेवटची बस केव्हाच निघून गेली होती आणि टॅक्सीचा फोन कोणी उचलत नव्हते. जूनमध्ये येथे सूर्य मावळत नसल्यामुळे सोरवोगेनपर्यंतची अर्ध्या-पाऊण तासाची चाल चांगल्या उजेडात झाली, पण रस्त्याच्या कडेने चाकांची बॅग ओढत, रिकाम्या पोटी चालणे ही काही मौज नव्हे. पायी जाणाऱ्यांनी पाठीवरची सॅकच न्यावी. उशिराच्या फेरीने येणार असाल तर मुक्कामाच्या मालकाला घ्यायला येण्याविषयी आधीच विचारून ठेवावे.

पुढचे चार दिवस उत्तम गेले. रेइने हे गाव छायाचित्रांत दिसते तसेच आहे. ई-१० हा महामार्ग जेथे संपतो त्या गावाचे नाव ‘ऑ’ एवढ्या एकाच अक्षराचे आहे. रेइनेब्रिंगेन या डोंगराची चढण ४४८ मीटरची आहे. तिच्यावरच्या दगडी पायऱ्या नेपाळहून आलेल्या शेर्पांनी बांधल्या आहेत. सिंहगड चढणाऱ्या माणसाला त्या जमतील, पावसात मात्र जाऊ नये.

समुद्र सोसत नसेल, तर ही फेरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बोडोहून लोफोटेनमधल्या लेक्नेसला छोटे विमान जाते आणि अर्ध्या तासाच्या आत पोहोचवते. गाडी असेल तर उत्तरेकडे बोग्नेसपर्यंत जाऊन लोडिंगेनची तासाभराची, आडोशाच्या पाण्यातली फेरी घ्यावी. २००७ मध्ये पूर्ण झालेल्या लोफास्ट रस्त्यामुळे तेथून पुढे दुसऱ्या फेरीची गरज पडत नाही, अर्थात संपूर्ण दिवस गाडी चालवण्यात जातो. दोन्ही नको असेल, तर वेळापत्रकात रोस्त आणि वेरोय यांच्या रकान्यांत वेळा छापलेल्या नाहीत अशीच फेरी शोधावी आणि ती त्या दिवशी नसेल तर बोडोत मुक्काम वाढवावा.

परतताना आम्ही थेट फेरी घेतली. गोळ्या तासभर आधी घेतल्या, पाकीट शर्टाच्या खिशात ठेवले, मधली जागा धरली, पिशव्या मागून घेतल्या. समुद्र इतका सपाट होता की डबा टेबलावर जागचा हलला नाही. मेहुणा गोळीच्या गुंगीत बोडो येईपर्यंत घोरत होता.