जेवणाचे हाल झाले असतील ना?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसं हे सगळेच विचारतात. लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या काकू विचारतात, आणि पुढच्या महिन्यात निघायचं म्हणून बॅग भरत बसलेली ज्युनियर रात्री अकराला फोन करून विचारते: "तू तर पक्की शाकाहारी, मग जपानी घरात दहा दिवस काय खाल्लंस? हाल झाले असतील ना?"

झाले. एक रात्र. त्यातला निम्मा दोष जपानी स्वयंपाकाचा, उरलेला निम्मा माझ्यावर झालेल्या संस्कारांचा.

२०१८चा नोव्हेंबर. मी पुण्यात जपानी शिकत होते, एन-फोर ही जपानीची परीक्षा नुकतीच पास झाले होते आणि एका विद्यार्थी देवाणघेवाणीत ओकायामातल्या एका घरी दहा दिवस राहायला मिळालं. घरात ओकासान म्हणजे आई, ओतोसान म्हणजे बाबा, त्यांची आठवीतली मुलगी आणि ओबाचान, म्हणजे आजी. व्हरांड्यात काकी नावाची फळं सोलून दोरीला बांधून वाळत घातलेली. आत एक बसकं टेबल, त्यावर रजई आणि खाली हीटर. त्याला कोतात्सु म्हणतात. एकदा त्यात पाय घातले की उठायची इच्छा मरते.

जाण्याआधी आम्हाला भरपूर पढवलं होतं. टबातल्या पाण्यात घरातले सगळे एकामागून एक उतरतात, म्हणून आधी बाहेर अंग धुऊन घ्यायचं आणि शेवटी टबाचं बूच काढायचं नाही. बुटांची तोंडं दाराकडे करून ठेवायची. तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटयांवर, स्लिपर घालून जायचं नाही. हे सगळं जमलं. संडासाच्या वेगळ्या स्लिपर घालून मी दिवाणखान्यात फक्त एकदाच आले.

भाषेचीही भीती होती त्याहून कमी निघाली. क्रियापद शेवटी, विभक्तीसारखं जे काही असेल ते शब्दाच्या मागे. 'इंदो कारा किमाशिता', 'भारतातून आले', शब्दाला शब्द. घरातून निघताना 'इत्तेकिमासु' म्हणायचं, ते तर थेट आपलं 'जाऊन येते'. नुसतं 'जाते' म्हटलं की आमची आजी ओरडायची, त्यामुळे हा शब्द मला पाठ करावाच लागला नाही.

पढवलं नव्हतं ते 'नको' कसं म्हणायचं.

पहिल्या रात्री माझ्यासाठी खास बेत होता. मोठ्या थाळीत भात, नोरीचे, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पापुद्र्याचे, चौकोन, काकडी, अवोकाडो, अंड्याच्या पट्ट्या, आणि त्यांच्यासाठी मासे. ज्याने त्याने हातातच गुंडाळी करून खायची. फॉर्मवर मी 'मासे-मांस नाही' लिहिलं होतं, ओकासानने ते लक्षात ठेवून अर्धी थाळी वेगळी मांडली होती. बाजूला मिसो या सोयाबीनच्या आंबवलेल्या लगद्याच्या सूपची वाटी. ती तोंडाला लावली आणि वास ओळखीचा वाटला. आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर सुकट भाजली की जिन्यात दरवळतो त्या घराण्यातला. तो दाशीचा वास होता. ट्यूनाच्या जातीतला एक मासा उकडून, धुरी देऊन, लाकडाच्या ओंडक्याइतका कडक होईपर्यंत वाळवतात. त्याचे कीस पाण्यात टाकून जे पाणी उतरतं ती दाशी. ती सुपात असते, भाजीच्या रश्श्यात असते, उदोन नावाच्या नूडल्सच्या पाण्यात असते, अंड्याच्या वळकटीतसुद्धा असू शकते. ओकासानच्या लेखी तो मासा नव्हताच. आपण फोडणीतल्या हिंगाला कधी भाजी म्हणतो का?

सूप मी संपवलं. पाप लागलं की नाही हे घरी कुणाला विचारलेलं नाही.

खरी गंमत पुढची. दोन गुंडाळ्या खाऊन झाल्या होत्या, भूक चांगलीच शिल्लक होती. ओकासान म्हणाली, "संकोच करू नकोस हं. अजून थोडं?" मी हसून म्हटलं, "दाइजोबु देस." म्हणजे ठीक आहे, राहू दे. आपल्याकडे पाहुणीने पहिल्यांदा 'नको'च म्हणायचं असतं. मग यजमानीण म्हणते, "असं कसं, एवढंसं तर खाल्लंस." आपण ताटावर हात आडवा धरायचा, तिने बाजूने वाढायचं, तिसऱ्या खेपेला आपण हात काढायचा. ओकासान म्हणाली, "सो?", म्हणजे 'हो का?', आणि थाळी उचलून आत गेली.

मी बघत राहिले.

त्या रात्री फुतोनमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या गादीत, पांघरूण डोक्यावरून घेऊन मी भेट म्हणून आणलेल्या बाकरवडीचं पाकीट फोडलं. बाकरवडी आवाज न करता खाता येत नाही, ही माहिती नोंदवून ठेवा. तोंडात धरून मऊ करायची आणि मग चावायची. माझ्या आणि ओबाचानच्या खोल्यांच्या मध्ये फक्त कागदी सरकतं दार होतं. सकाळी तिने अगदी साळसूदपणे विचारलं, "रात्री नेझुमीचा आवाज आला का गं तुला?" नेझुमी म्हणजे उंदीर. हा शब्द मला येत होता, दुर्दैवाने.

मग सांगावंच लागलं. 'ओनाका गा सुइते इमासु', पोट रिकामं झालंय. हे वाक्य पहिल्याच वर्षी परीक्षेत लिहून मी मार्क मिळवले होते. तोंडाने, दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या आईला ते सांगताना कानशिलं तापली. मराठी माणूस परक्या घरात 'मला भूक लागलीये' असं म्हणत नाही. 'चहा झाला का' असं विचारतो. सुरुवात झालीच होती म्हणून दाशीचंही सांगून टाकलं. ओकासानचा हात तोंडावर गेला आणि ती इतक्या वेळा 'गोमेन', म्हणजे 'माफ कर', म्हणाली की मीच रडवेली झाले.

दुपारी आम्ही दोघी सुपरमार्केटात लेबलं वाचत उभ्या होतो. पाऊण तास. सोया सॉस चालतो, त्याच्या शेजारची पोन्झुची बाटली चालत नाही, तिच्यात माशाचा अर्क. करीच्या वड्यांवर गाईची किंवा डुकराची चरबी लिहिलेली. भारताच्या नावाने खपणारा पदार्थ, आणि नेमका तोच मला वर्ज्य! उपाय अखेर ओबाचानने सांगितला. तिच्या लहानपणी घरात श्राद्धाच्या दिवशी मासा शिजत नसे, देवळातल्यासारखं शोजिन जेवण असायचं, आणि त्याची दाशी कोंबूची. कोंबू म्हणजे समुद्रातलं एक शेवाळ, वाळलं की जुन्या चामड्याच्या पट्ट्यासारखं दिसतं. तिने एक पट्टी ओल्या फडक्याने हलकेच पुसली, जगमध्ये पाण्यात सोडली, दोन वाळकी शिताके अळंबी टाकली आणि जग रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला. सकाळी पाणी फिकट चहाच्या रंगाचं झालं होतं. त्या सुपाचा पहिला घोट मी घेईपर्यंत ओकासान बसली नाही, हातात पळी घेऊन उभी होती.

त्यानंतर हाल कसले? मुळा, कमळकाकडी, लाल भोपळा, वांगं, तोफू, आणि उमेबोशी हे आंबट-खारट लोणचं. शिवाय तिथला चिकट भात आपल्या गुरगुट्या भाताचा सख्खा भाऊ. त्यावर मी एका सकाळी मेतकूट टाकलं. ओबाचानने चमच्याच्या टोकावर घेऊन चाखलं आणि जाहीर केलं, "इंदो नो फुरिकाके!" फुरिकाके म्हणजे भातावर भुरभुरायची पूड. मेतकुटाची याहून नेमकी व्याख्या मी मराठीतही ऐकलेली नाही. त्या दिवसापासून मी तिच्यासाठी अदबीच्या 'सान'ची लाडाची 'चान' झाले.

तिला घेऊन आम्ही कोराकुएन बागेतही गेलो. १७०० साली पुरी झालेली बाग, मागे काळाकुट्ट किल्ला. मी म्हटलं, पुण्यात सिंहगड रस्त्यावर या बागेच्या धर्तीवर केलेलं पुणे-ओकायामा मैत्री उद्यान आहे आणि त्याला आमच्या एका विनोदी लेखकाचं नाव दिलंय. बागेला विनोदी लेखकाचं नाव, हेच तिला सगळ्यात आवडलं.

आठव्या दिवशी मी कांदेपोहे केले. मोहरी तडतडली तशी मुलगी दोन पावलं मागे सरकली, आणि पांढऱ्या चॉपिंग बोर्डावर हळदीचा डाग पडला तो बहुधा अजून असेल. ओतोसानने पहिली बशी संपवली. मी पुढे झाले, ते 'दाइजोबु' म्हणाले. मी वाढले. दुसरी संपली. त्यांनी तोंडासमोर हात हलवला, तिथे तो स्पष्ट नकार असतो. मला तो ताटावरचा आडवा हात दिसला. मी पुन्हा वाढले. तिसऱ्या बशीनंतर ते मागे भिंतीला टेकले आणि मुलगी हसून हसून कोतात्सुखाली गेली.

मग मला 'आग्रह' समजावून सांगावा लागला. जपानी शब्द सुचेना. 'नानकाइ मो किकिमासु', पुन्हा पुन्हा विचारतात, एवढंच म्हटलं. ओबाचान म्हणाली, तिच्या लहानपणी इथल्याही म्हाताऱ्या करायच्या असं. ओकासान मात्र गंभीर झाली. "म्हणजे पहिल्या रात्री तू..." मी मान हलवली. ओतोसान भिंतीला टेकल्या टेकल्याच म्हणाले, "आणि मी आज खरंच नको म्हणत होतो."

म्हणून निघणाऱ्या मुलींना मी दोन गोष्टी सांगते. मेतकूट न्या. आणि 'शाकाहारी' एवढंच सांगून थांबू नका, 'दाशी मो', दाशीसुद्धा नाही, असं म्हणा. तिसरी गोष्ट फोनवर सांगून कळत नाही.

शेवटच्या सकाळी ओकासानने कोंबूचं सूप केलं होतं. गाडीला उशीर होईल म्हणून मी भराभर खात होते. तिने विचारलं, "अजून थोडं?" मी म्हटलं, "दाइजोबु देस." तिने भांडं उचललं, दोन पावलं गेली, थांबली, परत आली. माझ्याकडे रोखून बघत, शाळेत धडा म्हणावा तसं एकेक अक्षर सुटं करत तिने दुसऱ्यांदा विचारलं, "अ-जू-न थोडं?"

पोट खरंच भरलं होतं. मी वाटी पुढे केली.