युबा काउंटीची धरण आणि बांध फुटण्याची जोखीम मोजताना : माझा अनुभव

कॅलिफोर्नियातील युबा काउंटीच्या आपत्ती-निवारण आराखड्याचे दर पाच वर्षांनी होणारे नूतनीकरण सुरू होते आणि धरणफुटी व नदीकाठच्या पूरसंरक्षक बांधांची फूट ही दोन प्रकरणे माझ्याकडे आली. लष्कराचे अभियंता दल देशातील धरणांची जी राष्ट्रीय सूची ठेवते, तिच्यातून काउंटीच्या हद्दीतली धरणे निवडून मी कामाला लागलो. पहिल्याच बैठकीत काउंटीतल्याच मेरीजव्हिलला राहणाऱ्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी यादी वाचली आणि विचारले, "यात ओरोव्हिल कुठे आहे?"

ओरोव्हिल धरण शेजारच्या ब्यूट काउंटीत असल्यामुळे माझ्या चाळणीतून गळले होते. पण १२ फेब्रुवारी २०१७ रोजी त्याच्या आपत्कालीन सांडव्याखालची जमीन वाहून जाऊ लागली, तेव्हा सुमारे १,८८,००० लोकांना घरे सोडण्याचा आदेश निघाला होता. त्यांत युबा काउंटीतील रहिवासी होते आणि त्या बाईही होत्या. मी यादी पुन्हा केली. या वेळी धरण कोठे उभे आहे हे न पाहता त्याचे पाणी कोठे येईल हे पाहिले.

पुढची अडचण शब्दांची होती. सूचीत धरणापुढे 'हाय हॅझर्ड' लिहिलेले असते, त्याचा अर्थ धरण खिळखिळे आहे असा लोक घेतात. प्रत्यक्षात ते फुटले तर मनुष्यहानी संभवते एवढेच ती श्रेणी सांगते. बांधकामाची अवस्था वेगळ्या पाहणीत नोंदवली जाते. मराठीत 'बुडीत क्षेत्र' म्हटले की धरणामागे पाण्याखाली गेलेली गावे डोळ्यांपुढे येतात, मला मात्र धरणाखाली बुडू शकणारी गावे मोजायची होती. ओरोव्हिलच्या प्रसंगानंतर राज्याने कायदा करून कमी धोक्याची धरणे वगळता बाकीच्यांना फुटल्यास कोणता भाग बुडेल हे दाखवणारे नकाशे सक्तीचे केले, त्यामुळे पाणी कोठवर आणि किती वेळात पोहोचेल हे हाती आले. न्यू बुलर्ड्स बार धरणाच्या खाली एंगलब्राइट धरण आहे, म्हणून वरचे फुटल्यास खालच्याचे काय होईल हा प्रश्न मी वेगळा मांडला. मी पुण्याचा आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटल्यावर खालचे खडकवासला धरणही टिकले नाही, हे ऐकत मी मोठा झालो. तो प्रश्न मला टाळता आलाच नसता.

खरा वेळ बांधांनी घेतला. सोन्याच्या खाणींसाठी पाण्याच्या मोठ्या झोतांनी डोंगर फोडले गेले, त्यांचा गाळ युबा नदीत उतरून पात्र उंचावले, आणि काठचे कित्येक जुने बांध त्याच गाळमातीचे रचले गेले. डिसेंबर १९५५ मध्ये फेदर नदीचा बांध फुटून पलीकडचे युबा सिटी बुडाले. २० फेब्रुवारी १९८६ रोजी लिंडा येथे युबा नदीचा बांध फुटला, तेव्हा पाणी त्या बांधाच्या आराखड्यातील पातळीच्या खाली होते. पुढे २००३ मध्ये अपील न्यायालयाने त्या हानीसाठी राज्याला जबाबदार धरले. जानेवारी १९९७ मध्ये आर्बोगाजवळ पुन्हा फूट झाली. पाणी माथ्यावरून न जाताही बांध झिरपून आतून ढासळू शकतो, हे एवढे स्पष्ट दिसत असताना पूरविम्याच्या नकाशावर मात्र मान्यताप्राप्त बांधामागची वस्ती मुख्य धोक्याच्या पट्ट्याबाहेर दाखवलेली असते. त्या नकाशावर विसंबून मोजणी केली असती तर हजारो घरे मोजणीबाहेर राहिली असती. म्हणून बांधामागचा सगळा सखल भाग धोक्यात धरून मी घरे, शाळा आणि दवाखाने मोजले, आणि ज्या घरांत गाडी नाही किंवा वृद्ध माणसे एकटी राहतात त्यांची संख्या स्वतंत्र काढली. मेरीजव्हिल शहर तर दोन नद्यांच्या संगमावर चहूबाजूंनी बांधांनी वेढलेले आहे. तेथे बाहेर पडायचे रस्ते मोजणे मला घरे मोजण्याइतकेच महत्त्वाचे वाटले.

शेवटच्या तक्त्यात शक्यता आणि परिणाम यांचे गुण गुणून प्रत्येक आपत्तीला एकच आकडा द्यायचा होता. मोठे धरण फुटण्याची शक्यता अगदी कमी, म्हणून गुणाकारात ते वणव्यांच्या पुष्कळ खाली गेले. मला ते पटले नाही. बरीच चर्चा होऊन दोन्ही रकाने वेगवेगळे छापायचे ठरले, आणि त्या बाईंच्या आग्रहावरून तिसरा रकाना आला, पाणी पोहोचायला लागणाऱ्या तासांचा.